गुरुवारचं दगडांचं प्रॅक्टिकल

गुरुवारी दुपारी अडीचला आमचं जिऑलॉजीचं प्रॅक्टिकल असायचं. पुण्यातल्या त्या कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीचा तळमजला, उंच छत, लांबलचक लाकडी टेबलं आणि भिंतीला लागून सागवानी कपाटं. खण ओढला की आत पुठ्ठ्याच्या खोक्यांत दगड मांडलेले. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्या ठिपक्यावर काळ्या शाईत नंबर. लॅबचे मामा एकेक खण उचलून टेबलावर आणून ठेवायचे, तेव्हा दगड एकमेकांना घासून जो आवाज यायचा, तो आज कुठेही कानावर पडला तरी मी चालता चालता थांबेन.

परवा भाचीनं विचारलं, "मावशी, कॉलेजात तुझा सगळ्यात आवडता तास कुठला होता गं?" तिला पुढच्या वर्षाचा विषय ठरवायचाय. मी लगेच म्हणाले, "गुरुवारचं दगडांचं प्रॅक्टिकल." तर तिचं पुढचं, "का?" सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलंच नाही.

मी पारनेर तालुक्यातली. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि पाण्याची गोष्ट निघाल्याशिवाय दोन माणसांचं बोलणं संपत नाही. आमचे अण्णा विहिरी खोदायचे. आठ-दहा जणांची टोळी, एक यारी, पहारी, टिकाव, घमेली. बाहत्तरच्या दुष्काळात ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. तेव्हा खडी फोडायच्या कामावर गेले आणि दगडाशी जी गाठ पडली ती कायमचीच. विहिरीची खोली ते कधी फुटांत सांगत नसत, परसात सांगत. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "कुठवर आलं?" आणि अण्णा हातपाय धुता धुता सांगायचे, "पाचव्या परसाला मांजऱ्या लागलाय. अजून दोन परस गेलं की बघू." वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग गेरू, मग काळा पाषाण. हे शब्द मी मुळाक्षरांच्या आधी शिकले असेन.

आणि दगडाचा आवाज. सुट्टीत मी भाकरी घेऊन विहिरीवर जायचे तेव्हा अण्णा मला काठावर बसवून खालून पहार आपटून दाखवायचे. "ऐक. बद्द वाजला का? म्हणजे आत कुजलाय, भेगा हायेत, पाणी जवळ हाय." मग दोन हात सरकून दुसरीकडं आपटायचे. खण्‌कन घंटेसारखा आवाज वर यायचा. "ह्यो बघ. ह्याच्यात काय नाय."

दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालं. अकरावी-बारावी सायन्स तालुक्याच्या गावी. पुस्तकं इंग्रजी, पण शिकवायचे मराठीतच. त्यामुळे १९९७ साली पुण्यात एफ.वाय.ला आले तेव्हा पहिल्यांदाच तासभर अखंड इंग्रजी कानावर पडलं. जिऑलॉजी मी ठरवून घेतलेलं नव्हतं. ज्या ग्रुपमध्ये जागा होती त्यात ते होतं. त्या वर्षी एका तासाला मला उभं करून उतारा वाचायला लावला. 'कॅरेक्टर' हा शब्द मी 'चॅरेक्टर' असा वाचला. वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्या हसण्यात दुष्टपणा होता असं आज मला वाटत नाही, पण पुढे वर्षभर मी कुठल्याच तासाला तोंड उघडलं नाही. मागच्या बाकावर बसायचे, लिहून घ्यायचे, परीक्षेत लिहायचे.

एस.वाय.ला गुरुवारचं प्रॅक्टिकल मॅडमकडे आलं. मॅडम बुटक्याशा, सुती साडी, पदर खोचलेला, खांद्याला शबनम आणि तिच्यात कायम एक भिंग. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम सांगितला. दगडाचं नाव घ्यायचं नाही. "नाव नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा. आणि ज्या भाषेत दिसतंय त्या भाषेत सांगा."

ते शेवटचं वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

मग आम्ही दगड हातात घेऊन बसायचो. रंग काय, चमक कशी, काचेसारखी की मोत्यासारखी, फुटतो तो सपाट की वेडावाकडा. नखानं ओरखडा उठतो का? तांब्याच्या नाण्यानं? चाकूच्या पात्यानं? कठीणपणाची ही एक ते दहा अशी उतरंड फ्रीडरिख मोस या जर्मन माणसानं १८१२ मध्ये लावली, तळाला शंखजिरं आणि शेंड्याला हिरा. त्या उतरंडीत आपलं नख अडीचला बसतं हे कळल्यावर आम्ही सगळ्या मुलींनी आपापली नखं बघितली होती. मॅडम पातळ केलेल्या ॲसिडचा एक थेंब कॅल्साइटवर टाकायच्या आणि तो फसफसला की म्हणायच्या, "कान लावा." खरंच त्याला बारीक आवाज असतो. पांढऱ्या मातीचा एक तुकडा त्यांनी जिभेला लावायला सांगितला होता. तो जिभेला चिकटतो, आणि तीच त्याची खूण. डोळे, कान, नखं, जीभ, सगळं कामाला लागायचं. एफ.वाय.चं अख्खं वर्ष मी फक्त हातानं लिहिलं होतं.

नागपंचमी होऊन गेली होती, म्हणजे ऑगस्ट असणार. त्या गुरुवारी माझ्यासमोर एक काळाकुट्ट, जड, लोखंडासारखा चमकणारा दगड आला. त्याचा कस बघायचा होता. सोनार कसोटीवर सोनं घासून बघतो तसंच. इथे कसोटी म्हणजे बिनचकाकीच्या चिनी मातीची पांढरी फरशी. मी दगड फरशीवर ओढला. काळ्या दगडाची रेघ उमटली ती तांबडीलाल. आमच्या तुळशीवृंदावनावर आई बोटानं ओढते तशी. आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, "अगंबाई, गेरू!"

खोली शांत झाली. मी मान खाली घातली. मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या.

"काय म्हणालीस?"

"गेरू."

"बरोबर आहे. हेमॅटाइट. लोखंडाचं ऑक्साइड. गेरूला रंग त्याचाच. तू गेरू कुठं पाहिलास?"

"विहिरीत."

आता बाकीचेही वळून बघायला लागले. मॅडमनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. अण्णा काय करतात ते मी सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "मग मला एक सांग, पाणी गेरूच्या वर लागतं की खाली?"

हा परीक्षेचा प्रश्न नव्हता. ते विचारण्यावरून कळतं. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

मी म्हणाले, "वर. गेरूच्या डोक्यावरून झिरपतं. गेरू लागला की अण्णा तिथं आडवं भोक मारायला सांगतात. गेरूच्या खाली लगेच गेलं तर मध्ये कोरडं लागतं."

मॅडमनी शबनममधून वही काढली आणि मी बोललेलं लिहून घेतलं. माझ्या शब्दांत. 'गेरूच्या डोक्यावरून झिरपतं.' मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात मी बोललेलं कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ.

मग फळ्यावर त्यांनी त्याचं कारण मांडलं. आपला हा सगळा दख्खन लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला. असे थरावर थर. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. याला ट्रॅप म्हणतात कारण स्वीडिश भाषेत पायरीला तसा शब्द आहे. पावसाळ्यात घाटात बघा, डोंगराला पायऱ्या दिसतात आणि पायरीपायरीवरून पाणी पडतं. एक थर आल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ गेला तर पहिल्याचा पृष्ठभाग कुजून त्याची माती व्हायची, आणि वरून नवा तापलेला लाव्हा आला की ती भाजून निघायची. तो तांबडा पट्टा म्हणजे विहीर खोदणाऱ्यांचा गेरू. चिकणमातीच ती, पाण्याला खाली जाऊ देत नाही. म्हणून पाणी तिच्या डोक्यावरून आडवं वाहतं.

अण्णांनी साडेसहा कोटी हा आकडा कधी ऐकला नव्हता. पण त्या दोन थरांमधल्या फटीत ते तीस वर्षं पाय घट्ट रोवून उभे होते.

त्यानंतर गुरुवारी मी पुढच्या टेबलाला बसायला लागले. मायक्रोस्कोपचं काम सुरू झालं तेव्हा तर मला घरी जावंसंच वाटायचं नाही. दगडाचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जातो. आमचा तोच काळा पाषाण, ज्यात अण्णांच्या मते काही नव्हतं, त्याचा काप भिंगाखाली ठेवला आणि खालची-वरची दोन्ही ध्रुवकं, म्हणजे उजेडाला एकाच दिशेनं कंप पावू देणाऱ्या काचा, एकमेकांना आडवी लावली. आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या, इरकली लुगड्याच्या काठासारख्या, आणि त्यांच्यामध्ये निळे, जांभळे, पिवळे तुकडे. काप ठेवायचं मायक्रोस्कोपचं गोल टेबल फिरवलं की रंग विझायचे आणि पुन्हा पेटायचे. मामा दिवे बंद करायला आले तरी मी ते टेबल फिरवतच होते.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी होतो. रात्री मेसमधून आल्यावर दिवसाचा हिशेब व्हायचा. एक यवतमाळची, तिचं अर्थशास्त्र. तिचा जीव शनिवारच्या संख्याशास्त्राच्या तासात. त्यांच्या सरांनी टर्मच्या सुरुवातीलाच दहा वस्तू ठरवून दिल्या होत्या आणि दर शनिवारी सकाळी मंडईत जाऊन त्यांचे भाव आणायचे, पहिल्या आठवड्याचा भाव शंभर धरायचा आणि निर्देशांक काढायचा. ते १९९८ साल. दिवाळीच्या आधी कांदा असा कडाडला की तिच्या आलेखाची रेघ कागदाच्या बाहेर गेली आणि वरून दुसरा कागद चिकटवावा लागला. तो चिकटवलेला आलेख तिनं वर्षभर पलंगाच्या डोक्याशी लावून ठेवला होता. तिच्या आजोबांच्या कापसाच्या भावाचाही तसाच आलेख काढायचा म्हणून तिनं घरून कापूसविक्रीच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे पावत्या, मागवल्या. सरांनी सांगितलेलं नव्हतं ते.

दुसरी कुडाळकडची, मराठी घेतलेली. तिच्या आवडीचा तास भाषाविज्ञानाचा. एका तासाला सरांनी फळ्यावर 'मुलगा' आणि 'मुलगी' एवढंच लिहिलं आणि प्रत्येकाला घरचा शब्द सांगायला लावला. हिनं 'झील' आणि 'चेडू' सांगितलं, आणि सर म्हणाले, हे असं का झालं असेल ते आपण शोधू. त्या रात्री ती झोपायला तयार नव्हती. यवतमाळची 'पोट्टा-पोट्टी' म्हणाली, मी 'पोरगं' म्हणाले, आणि बारा वाजेपर्यंत आम्ही तिघी चमचा, पळी, झाडू, न्हाणीघर यांचे शब्द एकमेकींना देत बसलो होतो. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली तेव्हा थांबलो.

आज मागे बघताना वाटतं, आम्ही तिघींनी तीन वेगळ्या विषयांची नावं घेतली, पण सांगत एकच गोष्ट होतो. घरून निघताना जे आपण मागे ठेवून आलो असं धरून चाललो होतो, ते त्या त्या तासाला कुणीतरी टेबलावर मागून घेतलं होतं. कांद्याचा भाव, झील, गेरू. माझ्या भाचीला 'का?'चं एवढं उत्तर तरी मला देता आलं पाहिजे. विषयाला पुढे नोकरी आहे की नाही हे ती बाकी सगळ्यांना विचारेलच.

सहली पुष्कळ झाल्या. टी.वाय.ला लोणार पाहिलं, पावणेदोन किलोमीटरहून मोठं ते विवर. सगळ्यांना तीच सहल आठवते. मला आठवते ती निघोजची, कारण ते आमचंच. कुकडीच्या पात्रात खडकाला पडलेले रांजणखळगे. लहानपणी मळगंगेच्या यात्रेला आत्याबरोबर जायचे, तेव्हा आत्या म्हणायची, हे देवीचे रांजण. मॅडमनी आम्हाला खळग्यात हात घालायला लावला. आतली भिंत घोटल्यासारखी गुळगुळीत. तळाशी चार गोल गोटे. पुरात भोवऱ्यात सापडलेले हे गोटे गरागरा फिरत राहतात आणि खडक आतून कोरत जातात, किती पुरांनंतर एवढं झालं असेल ते बघा, असं सांगून मॅडम गप्प राहिल्या. कुणीतरी आगाऊपणे विचारलं, "मग देवीचं काय?" मॅडम म्हणाल्या, "नदीच देवी आहे ना इथली." आणि चपला काढून पाण्यात उतरल्या.

आता तो गुरुवार सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. दसऱ्याच्या आसपासचा. मामांनी जो खण आणला त्यातला दगड मी बघताक्षणी ओळखला, पण नियम पाळला आणि नाव घेतलं नाही. करड्या अंगावर पांढरे ठिपके, काही भाताच्या शितांएवढे, काही चिंचोक्याएवढे. मांजऱ्या. मॅडम म्हणाल्या, लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात, थर थंड झाला की त्यांच्या पोकळ्या राहतात, मग कोमट-गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत ही पांढरी खनिजं भरतात. झिओलाइटं. आपल्याकडे पुणे, नाशिक, जळगाव या भागांत ती इतकी सुंदर सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत जातात. आता तर सिन्नरला 'गारगोटी' नावाचं त्यांचं संग्रहालयच आहे. मग त्यांनी पांढऱ्या भागाचा एक कण फोडून कुटला, चिमूटभर पूड एका टोकाला बंद असलेल्या बारीक काचनळीत घातली आणि नळी माझ्या हातात दिली. "तू तापव."

मी नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आधी काहीच झालं नाही. मग पूड हलल्यासारखी झाली, फुगली. आणि नळीच्या वरच्या, थंड भागात आतून धुकं धरलं. धुक्याचे ठिपके झाले, ठिपके एकमेकांत मिसळले, आणि एक थेंब काचेवरून खाली ओघळायला लागला.

पाणी. कोरड्या दगडातून पाणी.

मॅडम सांगत होत्या. १७५६ मध्ये क्रोनस्टेड नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असाच दगड तापवला, तो उकळल्यासारखा झाला, म्हणून त्यानं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. या खनिजांच्या आत बारीक बारीक पोकळ नळ्यांची जाळी असते, तिच्यात पाणी बसलेलं असतं, तापवलं की जातं आणि गार झाल्यावर हवेतून परतही येतं. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला अण्णा दिसत होते. सहाव्या परसात, छातीएवढ्या खोल सावलीत, मांजऱ्यावर पहार आपटून कान लावणारे.

मी विचारलं, "मॅडम, ही नळी मी दिवाळीला घरी नेऊ का?"

त्यांनी एकाऐवजी चार दिल्या. मामांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून दिल्या, आणि एक जुना स्पिरिटचा दिवाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी ओट्यावर दिवा पेटवला. आई, भाऊ, आत्या, सगळे भोवती. अण्णांना मी म्हटलं, "मांजऱ्या आणा ना थोडा." ते उठून परसदारी गेले, विहिरीच्या कामावरून आणलेला एक ढेकळाएवढा तुकडा तिथं पडलेला होता. हातोडीनं त्यातले पांढरे ठिपके त्यांनी स्वतः वेगळे काढले, खलबत्त्यात कुटले. आई म्हणाली, "माझा खलबत्ता!" पण उठली नाही.

नळी तापली. धुकं आलं. थेंब आला.

कुणी काही बोललं नाही. अण्णांनी नळी माझ्या हातातून चिमट्यासकट घेतली, दिव्याच्या उजेडासमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिले. डोळे बारीक केलेले, विहिरीत खाली बघताना करतात तसे.

"हे आतलंच पाणी? वरून घातलेलं नाय ना?"

"नाही अण्णा. दगडातलंच."

"हं." पुन्हा थोडा वेळ. "म्हणजे त्याच्यात असतंय. पण ते देत नाय."

मग त्यांनी नळी खाली ठेवली, उठले, आणि काळ्या पाषाणाची एक कपची घेऊन आले.

"आता ह्याचं कर."

कपची कुटायला वेळ लागला. तो दगड खलबत्त्याला दाद देत नव्हता. दुसरी नळी घेतली, पूड घातली, तापवली. आम्ही थांबलो. काच कोरडीच राहिली. मी अजून थोडं पुढे धरलं. कोरडीच.

अण्णांनी मान हलवली. चेहऱ्यावर समाधान होतं, कुणीतरी आपल्या बाजूनं साक्ष दिल्यासारखं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्याच्या पोटात नसतंय. ह्याच्या भेगंत असतंय. लिहून घे."

मी आत जाऊन प्रॅक्टिकलची वही आणली.